काउबॉय यायच्या आधी

“कुणी ओळखलंच, तर रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी फिलोमेनाचा गुलाबी गाउन घालून भर रस्त्यातून चालेन!” गास्पारेने छाती ठोकली.

“आणि कुणीच नाही ओळखलं, तर मी चर्चच्या पायऱ्यांवर कोंबड्यासारखा आरवेन,” नुन्झिओ म्हणाला.

गॅरेजमध्ये जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. पैज होती पिनबॉलच्या एका नव्या मशीनवर. नुन्झिओ शिकागोच्या कारखान्यात मशिनं आखायचा. दांडीने उडवलेली लोखंडी गोळी कुठून चढेल, कुठे आपटेल, कुठल्या भोकात पडेल, ते सगळं त्याचं. चित्रं मात्र साहेब लोक ठरवायचे. त्याच्या एका मशीनवर त्यांनी चाचे रंगवले, दुसऱ्यावर जलपऱ्या. ह्याच्यावर सोमवारी काउबॉय चढणार होते. आत्ता ती नुसती कोरी फळी होती. खिळे, रबर, तारा. बाकी काही नाही.

“हे कशाचं आहे, ते एकदा तरी कुणी ओळखावं,” नुन्झिओ म्हणाला. “काउबॉय यायच्या आधी.”

“फळी ती फळीच, लेका! तिच्यावर घोडा काढ नाहीतर पोप काढ. तिला काय कळतंय?”

सगळे खेळले. कुणी म्हणालं, घोड्यांची शर्यत. कुणी म्हणालं, लढाई. फिलोमेना नवऱ्याकडे, गास्पारेकडे बोट करून म्हणाली, “हे आमच्या ह्यांचं डोकं. नुसती भोकंच!” नुन्झिओ सगळ्यांबरोबर हसला. पण दर वेळी मान हलवताना त्याचा चेहरा जरा जास्तच उतरत होता.

“आरव रे कोंबड्या!” म्हणत शेवटी गास्पारे स्वतःच पुढे झाला. जिंकल्याच्या थाटात दांडी ओढून सोडली. गोळी सरळ वर गेली, डावीकडे वळली. रबराच्या खुंटाने तिला उजवीकडे उडवलं. घरंगळत ती एका भोकात पडली. क्षणभर थांबली. मग भोकाने तिला धपकन बाहेर ढकललं.

दुसरी गोळी. वर, डावीकडे, उजवीकडे उडी, भोक. गास्पारेचं हसू ओसरलं.

तिसऱ्या वेळी खुंट यायच्या आधीच त्याचं अंग आपोआप उजवीकडे झुकलं. गोळी भोकात पडली.

“थांब, ढकलू नको,” तो मशीनलाच म्हणाला. “अजून घास आहे तिच्या तोंडात.”

“कुणाच्या तोंडात?” फिलोमेनाने विचारलं.

गप्प बसला असता तर पैज त्याचीच होती. पण त्याचं बोट काचेवर फिरायला लागलं होतं.

“हा खुंट म्हणजे बेप्पेचा कुत्रा. त्याला चुकवायला आम्ही पोरं इथून उजवीकडे उडी मारायचो. आणि हे भोक… ही आमची आई. दारात उभी. येईल त्या पोराला धरायची, तोंडात पाव कोंबायची आणि पाठीत धपाटा. चल, पळ!”

दोघांच्या लहानपणीचा तो रस्ता सरकारने महामार्गासाठी घरादारांसकट कधीच पाडला होता. माणसं चहूकडे पांगली. गॅरेजमध्ये तो रस्ता पाहिलेले दोघेच होते.

“गाढवा, मी खेळलोच नसतो तर?”

“तर आरवलो असतो. ओळखणारं दुसरं उरलंय कोण?”

रविवारी गास्पारे गाउन घालून निघाला. खाली केसाळ पोटऱ्या, पायात काळे बूट. मागे अख्खी आळी, शिट्ट्या, थाळ्या. कोपऱ्यावर तो कुणाला न विचारता वळला आणि महामार्गावरच्या पुलावर चढला. खालून ट्रकवाले भोंगे वाजवत होते. मधोमध येऊन तो थांबला. कठडा धरून खाली बघत राहिला. आईचं ते दार तिथेच कुठेतरी होतं.

“फिटली ना पैज? चला आता, लोक हसतायत,” फिलोमेना म्हणाली.

नुन्झिओने पुढे होऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला. “चल, पळ.”

“थांब रे,” गास्पारे म्हणाला. “अजून घास आहे तोंडात.”