चारची तक्रार

दंडावरचा पट्टा पुन्हा आवळला, तेव्हा पाणीपुरवठा कचेरीतल्या तक्रार कारकुनाच्या कानाशी फोन होता आणि पलीकडचा गृहस्थ खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होता.

"दादा, हात हलवू नका," शेजारची टंकलेखिका म्हणाली. "शिव्या खायच्या त्या स्वस्थ बसून खा."

पट्ट्याला जोडलेले ते यंत्र चोवीस तास कमरेला राहणार होते. दर अर्ध्या तासाने ते रक्तदाब मोजणार आणि त्या वेळी आपण काय करीत होतो, हे त्याने तक्त्यात लिहायचे. गेल्या महिन्यात जिन्यावर त्याला भोवळ आली होती. आकडे वाईट निघाले, तर त्याची बदली मागच्या जुन्या इमारतीत, रेकॉर्ड रूममध्ये, हे ठरलेलेच होते. दुसऱ्या कुणी त्या शांत जागेसाठी देव पाण्यात ठेवले असते. त्याने मात्र आठवडाभर जेवणातले मीठ सोडले होते.

"मला इथेच राहू द्या," तो साहेबांना म्हणाला होता.

"अहो, ही खुर्ची माणसं खाते. तुमच्या आधीच्या बाईंचंही प्रेशर असंच चढलं. त्यांनाही शेवटी तिकडेच पाठवावं लागलं."

त्या बाईंना त्याने कधी पाहिले नव्हते. तो दुसऱ्या शाखेतून इथे आला, तेव्हा खुर्चीवर त्यांनी शिवलेली उशी तेवढी उरली होती. तिच्यावर तो अकरा वर्षे बसत होता.

चार वाजता फोन वाजला आणि खोली गप्प झाली. रोज चारला येणाऱ्या ह्या फोनला कचेरीत 'तोफ' म्हणत.

"तीन दिवस झाले, नळाला थेंब नाही!" आवाज म्हातारा, पण धार कायम. "खुर्च्या उबवता काय रे नुसत्या?"

"हो बाई."

"हो बाई काय? कालही हो बाई, परवाही हो बाई! पोपट आहेस का?"

"नाही बाई. लिहून घेतो."

"घे. तुझं अक्षर तरी लागतं का कुणाला?" मग फोन आपटण्याआधी, नेहमीप्रमाणे, "आणि काय रे, जेवलास का? की तिथंही थेंब नाही?"

"जेवलो."

खट्.

पट्टा आवळला, सैल झाला. त्याने तक्त्यात लिहिले, 'चार. तक्रार.' मग तक्रारीची चिठ्ठी फाडली आणि नळदुरुस्तीच्या पेटीत न टाकता घडी करून खिशात ठेवली. बाईंनी पत्ता कधी सांगितला नव्हता. त्यानेही कधी विचारला नव्हता.

"एक दिवस ही तोफच दादांचं काळीज फोडणार," टंकलेखिका पुटपुटली.

संध्याकाळी त्याने घराचे कुलूप काढले. एक ताट, एक वाटी, एक पेला. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती. ती खुर्ची आहे हे तो विसरूनही गेला होता. यंत्र घुरघुरले की घरात कुणी आल्यासारखे वाटे आणि ते थांबले की तो माणूस निघून गेल्यासारखे. तक्त्यात त्याने सुबक अक्षरात लिहिले, 'साडेसात. काही नाही.' 'आठ. काही नाही.' 'साडेआठ. काही नाही.'

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. साहेब आवर्जून सोबत आले होते.

"घरी कोण असतं?"

"मी."

"कामावर एकशे साठ, समजू शकतो. पण घरी गेल्यावर तरी उतरायला हवं होतं. तिथं एकशे बहात्तर! कामाचा ताण माणसाचा घरापर्यंत पाठलाग करतो, तो असा." डॉक्टरांचे पेन अडखळले. "आणि हे काय? चार वाजता एकशे अठरा?"

"चारला?" साहेब वाकले. "शक्यच नाही. तेव्हा तर ती बाई ह्यांना सोलून काढत असते."

"मग पट्टा घसरला असणार." डॉक्टरांनी तेवढ्या आकड्यावर काट मारली.

कारकुनाने तोंड उघडले.

"दादा, सुटलात!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी तो जुन्या इमारतीत बसला. तिन्ही बाजूंना कपाटे, समोर टेबल, टेबलावर काळा फोन. तो वाजत नव्हता. खोलीत कुणी शांतता ठासून भरली असावी.

तिसऱ्या प्रहरी तिथला म्हातारा शिपाई चहा घेऊन आला.

"करमत नाही ना? होईल सवय. आधीच्या बाई निवृत्त होईपर्यंत इथंच होत्या. अगदी गरीब गाय हो. दिवसभर चकार शब्द नाही. पण चार वाजले की दार लावून घ्यायच्या आणि फोनवर कुणाला तरी असं फाडायच्या, नळाला पाणी नाही म्हणून!" तो हसला. "आता बोला. त्यांच्या घरी तर चोवीस तास पाणी."

कप घेऊन शिपाई गेला. घड्याळात चार वाजले. कारकुनाने तक्रार कक्षाचा नंबर फिरवला. लाइन व्यस्त होती. तो गालातल्या गालात हसला आणि थांबला.

सव्वाचारला त्याने उठून दार लावून घेतले. पुन्हा नंबर फिरवला. पलीकडून त्याच्या जागी आलेल्या नव्या मुलीचा रडवेला आवाज आला, तसा घसा खाकरून तो आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला, "तीन दिवस झाले, नळाला थेंब नाही! झोपा काढता काय? आणि काय गं, जेवलीस का?"