मुलाणीबाई मागे फिरल्या

नगरपालिकेच्या निवडणुकीत पाठिंबा जाहीर करण्याआधी पादचारी मंच प्रत्येक उमेदवाराला बाजारातल्या बसथांब्यासमोरचा रस्ता ओलांडायला लावत असे. गेल्या श्रावणात खैरमोडेकाकांची बायको इथेच बसमधून उतरली आणि पलीकडे पोचली नाही. तेव्हापासून काका मंचाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येत आणि काही न बोलता घरी जात.

पहिला उमेदवार कार्यकर्ते घेऊन आला. त्यांनी हात आडवे करून गाड्या थोपवल्या आणि साहेब नमस्कार करत पलीकडे गेले. "रस्ता झकास आहे की," म्हणाले. दुसऱ्याचंही तसंच झालं, फक्त त्याच्यापुढे ताशा वाजत होता.

तिसऱ्या मुलाणीबाई बसने एकट्याच आल्या. चार पावलं पुढे गेल्या आणि डंपर बघून मागे फिरल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा फिरल्या. शेवटी पदराने घाम पुसत म्हणाल्या, "नाही जमत हो मला. रिक्षा करून पलीकडं गेले तर चालेल का?" सगळे हसले.

त्या गेल्यावर मंचाच्या अध्यक्षा पाटणकरताई म्हणाल्या, "यांचं नाव सोडा. साधा रस्ता ओलांडता येत नाही, त्या नगरपालिकेत काय दिवे लावणार?"

"त्यांनाच द्या पाठिंबा," काका म्हणाले.

"अहो काका, लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. त्या दोघांसाठी गाड्या थांबल्या, ताई. या बाईंसाठी थांबल्या नाहीत. आमच्या शेवंतासाठीही थांबल्या नव्हत्या."