आडोसा

फ्रिजही गेला. गोळी दारातून शिरली, दुधाच्या कप्प्यातून निघाली, पाठीमागून बाहेर पडली आणि वाळूच्या ढिगात जाऊन विसावली.

"पुढचं," रघुवीर म्हणाले.

"अरे, चहा तरी घे," जयंत म्हणाला.

"पोरीच्या जिवाशी खेळ चाललाय आणि तुला चहा सुचतोय?"

जयंत ब्रिस्टलजवळच्या एका कंपनीत पोलिसांच्या बुलेटप्रूफ जाकिटांवर गोळ्या झाडून बघायचा. शनिवारी गोळीबाराची रेंज रिकामी असे. पुण्यापासूनची दोस्ती, म्हणून नोकरी पणाला लावून तो रघुवीरांना मागच्या दाराने आत घेई. रघुवीर लंडनजवळच्या पिनरहून भाड्याची व्हॅन हाकत येत. तिच्यात चॅरिटी शॉपमधलं जुनं सामान गच्च भरलेलं.

मँचेस्टरच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून त्यांची एकुलती एक मुलगी, डॉक्टर स्नेहल, युद्ध पेटलेल्या शहरात गेली होती. निघताना तिथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. अध्यक्षांनी भाषणात तिला दोनदा हुतात्मा म्हटलं, जरा घाईच झाली.

तिच्या खोलीसमोरच्या गच्चीवर म्हणे नेमबाज बसलेला असे. ती रोज फोन करायची.

"आज कशाच्या आड बसलीस?" रघुवीर विचारत. ती जरा थांबून एखादी वस्तू सांगे. शनिवारी तीच वस्तू रेंजवर हजर. गादीला तर गोळी आली कधी, गेली कधी, पत्ता लागला नाही. सोफा गेला, वॉर्डरोब गेला. रघुवीर आंघोळीलाही फोन घेऊन जाऊ लागले होते.

आता पुस्तकांची दोन कपाटं एकामागे एक उभी होती, जाडजूड विश्वकोशांनी ठासून भरलेली. जयंतने नेम धरला.

गोळी दुसऱ्या कपाटात अडकून बसली.

"अडवली! रघ्या, अडवली!"

रघुवीरांचा चेहरा पडला. "योगायोग असेल. पुन्हा झाड."

पुन्हा अडकली.

"अजून एकदा. जरा बाजूला मार."

तीही अडकली. रघुवीर मटकन खाली बसले. जयंतने डोळे पुसले. "सुटली रे पोरगी."

तेवढ्यात फोन वाजला. रघुवीरांनी स्पीकर लावला.

"बाबा, मी कपाटामागेच बसलेय. झालं का टेस्टिंग?"

"झालं, बाळा. आरपार गेली गोळी. ऊठ तिथून. आणखी काय आहे खोलीत?"

जयंत पांढराफटक पडला. "अरे, वेड लागलंय का तु..." रघुवीरांनी त्याच्या तोंडावर हात दाबून धरला.

पलीकडून आलं, "अं... वॉशिंग मशीन आहे, बाबा." आणि तिच्या मागून एक यांत्रिक, सुस्पष्ट बायकी आवाज आला: "द नेक्स्ट स्टॉप इज सेंट पीटर्स स्क्वेअर."

"ठेवते हां बाबा, फार गोळीबार चाललाय. उद्या करते."

जयंतने तोंडावरचा हात ओढून काढला. "ही मँचेस्टरची ट्राम आहे! रघ्या, ती गेलीच नाहीये!"

"ओरडू नकोस, ठाऊक आहे मला," व्हॅनची किल्ली चाचपत रघुवीर म्हणाले. "एरवी ती फक्त दिवाळीला फोन करायची."