तुलनेला एक निरोगी माणूस

"टोपी काढ. इस्पितळ आहे हे, कॉफीचं दुकान नाही," एव्हान्थिया म्हणाली. तिच्या नवऱ्याने, आर्गिरिसने, मुकाट्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

थेसालोनिकीच्या त्या मोठ्या इस्पितळात दोघं निकाल ऐकायला बसली होती. मागच्या आठवड्यात दोघांच्याही मेंदूचे फोटो काढले होते. विसरण्याचा आजार नवऱ्याचा. पण तुलनेला घरातलंच एक निरोगी माणूस हवं म्हणाले, तेव्हा एव्हान्थिया ताठ मानेने पुढे झाली होती. "बघू द्या त्यांना, शाबूत डोकं कसं दिसतं ते!"

नवरा पार हातचा गेला होता. सासूच्या स्मरणदिनी चर्चमध्ये वाटायच्या उकडलेल्या गव्हात साखरेऐवजी मीठ पडलं. पाद्रीबाबा तोंडातला घास ना गिळता येईना, ना थुंकता, असे दाढीआड गप्प उभे राहिले. आर्गिरिस गावासमोर म्हणाला, "डबे मीच उलटसुलट भरले." तेव्हापासून शेजारणी कॉफीला यायच्या थांबल्या. पातेलं कोणी जाळलं, नळ कोणी उघडा टाकला, विचारलं की लगेच कबूल. भांडला असता तर बरं वाटलं असतं. घरात दोन माणसं, आणि बोलायला भिंत.

फोटो वाईट निघाला तर मुलगी त्याला अथेन्सच्या वृद्धाश्रमात ठेवणार होती. मग ती भिंतही जाणार.

तिने पिशवीतून तीळ लावलेली पावाची कडक कडी काढून त्याला दिली. त्याने खाल्ली. जरा वेळाने तिने आणखी एक काढली. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. मी नसते तर उपाशी मेला असतास." त्याने तीही खाल्ली.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पडद्यावर दोन मेंदू होते. एक करडा, दुसरा लाल-पिवळा, पेटल्यासारखा.

"हा लाल रंग म्हणजे मेंदूत साचलेला गाळ. अॅमिलॉइड म्हणतात त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नुसत्या रंगावरून आजार किती पुढे गेलाय ते ठरत नाही. एवढा गाळ असूनही काही माणसं सुईत दोरा ओवतात."

"हा कुठला ओवतोय दोरा!" एव्हान्थियाने नवऱ्याचा हात घट्ट धरला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण मी त्याला कुठे जाऊ देणार नाही, बाई. मुलीला तुम्हीच सांगा. त्याचं सगळं मी करीन."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या करड्या मेंदूवर बोट ठेवलं.

"आजी, आजोबांचा मेंदू हा. करडा. यात गाळ नाही." त्या आर्गिरिसकडे वळल्या. "आजोबा, स्मरणशक्तीच्या परीक्षेतली उत्तरं तुम्ही मुद्दाम चुकवलीत ना? कशासाठी?"

आर्गिरिसने बायकोचा हात सोडला नाही.

"'चल, तुला डॉक्टरला दाखवू' म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर ही आली असती का?"