व्हरांड्यातली खुर्ची

चहाचा कप खुर्चीच्या हातावर ठेवून सून ओट्याकडे वळली, तोच सासूबाईंनी विचारलं, "शेजारणीनं मला छत्री बॉरो केली. बरोबर ना गं?"

"नाही, आई. तिनं दिली, म्हणजे लेंड केली. आपण मागून घेतो, ते बॉरो."

"काय? तोंडात गुळणी धरून बोलतेस की काय!"

सुनेनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. वर्षभर सकाळ अशीच उजाडत होती. ज्यांच्या इंग्रजीच्या तासाला सारी शाळा दबकून असे, त्या बाईंना आता बॉरो आणि लेंड, अफेक्ट आणि इफेक्ट यांतला फरक आठवत नसे. कानही गेलेले. उजेड हवा म्हणून त्यांनी आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून आधी बैठकीत आणि मग थेट समोरच्या व्हरांड्याच्या टोकाला हलवून घेतली होती. सून ओट्यापाशी उभी राहून तिथवर शब्द पोहोचवी. शब्दकोडं मात्र त्या अजूनही पेननंच सोडवत. जुनी सवय, असं सुनेला वाटे.

गेल्या वर्षी त्याच शाळेत नोकरीसाठी नमुना तास देताना सुनेचा आवाज पहिल्या बाकापलीकडे गेला नव्हता. मागच्या मुलांनी बाकं वाजवली आणि ती डोळे पुसत घरी आली. आज शाळेनं तिला पुन्हा बोलावलं होतं. पण नवरा कामावर गेलेला. आईंना एकटं ठेवायचं कुणाच्या भरवशावर?

"इफेक्ट म्हणजे परिणाम करणं, हो ना?" व्हरांड्यातून प्रश्न आला.

"ते अफेक्ट, आई! परिणाम करणं म्हणजे अफेक्ट. जो झाला, तो इफेक्ट!"

खणखणीत, एका दमात. तिचं तिलाच नवल वाटलं. मान आपोआप ताठ झाली.

"कंठ फुटला म्हणायचा बाईला!" सासूबाई हसल्या.

त्या हसण्यानं तर तिचा पाय अधिकच अडकला. तिनं मनाशी ठरवलं, पाठ फिरवून शाळेला फोन लावला आणि आईंना ऐकू जाण्याची भीती नसतानाही हलक्या आवाजात म्हणाली, "माफ करा, मला आज यायला जमणार नाही. घरी आई..."

"ठेव तो फोन," व्हरांड्याच्या टोकावरून आवाज आला. "आणि फळ्यावर अफेक्ट आधी लिही, इफेक्ट नंतर, मुलं नेमकी तिथंच घोटाळा करतात. वर्षभर शेवटच्या बाकावर बसून ऐकतेय मी तुला, सूनबाई. शब्द न् शब्द पोचतो. नीघ आता."