रक्तपेढीबाहेरचा उपास

शिरपूरच्या रक्तपेढीबाहेर बाकावर चर्चची आठ माणसं आणि दोन बायबल होती. डबा एकही नव्हता. बाळंतपणात त्यांच्यातल्या सिंगाच्या बायकोचं, चमेलीचं, फार रक्त गेलं होतं. दुपारपर्यंत तीन पिशव्या हव्या होत्या. “जेवलात ना?” पेढीतल्या ताईंनी विचारलं. कुणीच जेवलं नव्हतं. चमेली शुद्धीवर येईपर्यंत सगळ्यांनी उपास धरला होता. “उपाशीपोटी रक्त घेत नाही. उपास देवाने सांगितला, की तुम्ही?” सिंगा पेचात पडला. खाल्लं तर देवाला दिलेला शब्द मोडणार, नाही खाल्लं तर चमेली जाणार. “मीच सांगितला,” म्हणत पास्टरआबा उठले, गाडीवरून केळी घेऊन आले आणि प्रार्थना करून पहिलं केळं त्यांनीच खाल्लं. “बठ्ठा खा. देव बोली ते माले बोली, तुमले नही.” देव रागावलाच तर त्यांच्यावर रागावणार होता. सिंगाने घास गिळला. थोड्या वेळाने तिघांनी रक्त दिलं आणि तीन पिशव्या मिळाल्या. दुसऱ्या सकाळी चमेलीचं हिमोग्लोबिन साडेतीनवरून साडेसहावर आलं.