सातवा नियम

"अंदमान नको, लक्षद्वीपबी नको," शेवंताबाई म्हणाल्या आणि टेबलावरचं तिसरं पत्रक त्यांनी स्वतःकडं ओढलं. "मला हितं जायचंय."

प्रसेनजीतनं कपाळाला हात लावला. पुण्यात नोकरीला लागून त्याला वर्ष झालं होतं. कबनूरच्या माग कारखान्यात तीस वर्षं कांड्या भरून आईनं त्याला इंजिनिअर केलं होतं. तिला एकदा तरी लांबच्या बेटावर, नारळाखाली, वाळूत पाय पसरून बसवायचं हे त्यानं मनाशी घोकून ठेवलेलं. जूनमध्ये तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. जायचं ते त्याच्या आधीच. म्हणून दोघं शाहूपुरीतल्या या टूरवाल्याकडं येऊन बसले होते.

तिसरं पत्रक चांदबेटाचं होतं. पांढरी वाळू, निळं पाणी, नारळाची रांग, आणि कोपऱ्यात एक जुनी पायऱ्यांची विहीर.

"एक नंबर जागा हाय, मावशी," टूरवाला कृष्णात म्हणाला. "विमान नको, जहाज नको. सकाळी जीपनं निघायचं, दुपारी बोटीत. लाटा न्हाईत, भ्यायचं कारण न्हाई."

"मे महिन्यात पाणी कुठवर खाली जातं?"

कृष्णातला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "बरंच जातं की. किनारा मोठा हुतो."

"मग बुद्धपौर्णिमेला जाऊ," शेवंताबाईंनी ठरवून टाकलं.

प्रसेनजीतला बेट फारसं पसंत नव्हतं, पण पत्रकाची मागची बाजू त्याला आवडली. हल्ली तो दर रविवारी मित्रांबरोबर टेकडीवरचा कचरा उचलायला जायचा, आणि आल्यागेल्याला त्यावर व्याख्यान द्यायचा. पत्रकामागं जबाबदार पर्यटकासाठी सात नियम छापले होते. ते त्यानं मोठ्यानं वाचले. प्लास्टिक नेऊ नये. बेटावरून खडासुद्धा उचलू नये. पाण्यात साबण लावू नये. एकेका नियमाला शेवंताबाई मान डोलावत होत्या. मग सातवा आला. स्थानिक प्रथांचा मान राखावा. विहिरीत कुणी उतरू नये, पाणी वरून ओंजळीत घातलं जाईल.

"सहा पाळीन," त्या म्हणाल्या. "सातवा न्हाई."

"अगं आई, तिथल्या लोकांची श्रद्धा असेल. आपण पाहुणे."

"कोण पावणं ते गेल्याव बघू की."

कृष्णातचं हसू मावळलं. "मावशी, आधीच सांगतो. नियम मोडला तर मालक तिथल्या तिथं माघारी धाडतो. पुढच्या बोटीनं."

"धाडू दे."

प्रसेनजीतला रागच आला. जन्मात कुणापुढं आवाज न चढवलेली ही बाई. गाव कुठलं विचारलं तर "आता कबनूर" एवढंच सांगून गप्प बसणारी. तिला नेमका आत्ताच हट्ट सुचावा! बाहेर आल्यावर त्यानं वचन मागितलं, विहिरीत उतरणार नाहीस म्हणून. तिनं दिलं नाही. वर म्हणाली, "गुडघं बदलायच्या आत माझ्या गुडघ्यांनी एवढं काम करायचंय."

पौर्णिमेच्या सकाळी ती पांढरंशुभ्र लुगडं नेसून जीपमध्ये बसली. बरोबर कापडी पिशवी आणि स्टीलचा डबा. साबणाची वडी घरीच ठेवलेली. वाटेत पुढच्या सीटवरच्या एका पाहुण्यानं गुटख्याची पुडी बाहेर भिरकावली. शेवंताबाईंनी जीप थांबवायला लावली आणि पुडी त्यालाच उचलून आणायला लावली.

"नियम वाचलं न्हाईत व्हय?"

गडी खाली मान घालून बसला तो बोटीपर्यंत. प्रसेनजीतला आईचं फार कौतुक वाटलं. पण सहा नियमांसाठी भांडणारी ही बाई सातव्याच्या वेळी काय करेल, हे काही त्याला उमगेना.

बोटीतून नारळ दिसायला लागले तसे सगळे माना उंच करून बघू लागले. शेवंताबाई मात्र कडेला वाकून पाण्यातच बघत होत्या.

"काय पडलं का खाली?" प्रसेनजीतनं विचारलं.

"लई खोल हाय," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

बेटावर मालक गणपतराव जातीनं उभे होते. साठीकडं झुकलेला माणूस, पांढरी टोपी, हातात तांब्याची कळशी. बेटाच्या माथ्यावरच्या विहिरीच्या काठाशी पाहुण्यांची रांग लागली होती.

"शंभर वर्षांची रीत हाय, पावणं. ओंजळ धरा," असं म्हणत ते वरून धार सोडत होते. लोक हसत होते, फोटो काढत होते. प्रसेनजीतनंही ओंजळ धरली. पाणी गार होतं, गोड होतं.

शेवंताबाईंनी हात पुढं केलेच नाहीत. कळशीला वळसा घालून त्या थेट पायऱ्या उतरू लागल्या. एक पाय खाली टेकवायचा, मग दुसरा त्याच पायरीवर आणायचा.

"ओ बाई! वर या! माघारी धाडीन तुम्हाला!"

प्रसेनजीत तिला अडवायला धावला आणि पहिल्याच पायरीवर थांबला. आईची पाठ इतकी ताठ त्यानं कधी पाहिली नव्हती. तो मालकाकडं वळला.

"उतरू द्या तिला," तो म्हणाला. "बोट लावा पाहिजे तर."

शेवटच्या पायरीवर शेवंताबाई बसल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. पोटभर प्यायल्या.

"अहो, हितली प्रथा हाय ती!" गणपतराव वरून ओरडले.

शेवंताबाईंनी ओल्या हातानं तोंड पुसलं आणि वर बघितलं.

"ठावं हाय की, गणपा. तुझा बा वरनं वतायचा आन् मी लांब उभी ऱ्हाऊन ओंजळ धरायची. आमची वस्ती धरणात गेली, तुमचा वाडा गेला, आख्खं गाव बुडालं. ही एवढी प्रथाच कशी रं तरंगली?"